किल्न हूडवरचा कॅमेरा : दोन लेन्स ट्यूब गेल्या, तिसरी टिकली

हे प्रकरण विदर्भातल्या एका सिमेंट कारखान्याचे आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. किल्नच्या, म्हणजे सिमेंटचा माल भाजणाऱ्या फिरत्या भट्टीच्या, तोंडाशी बसवलेला महागडा कॅमेरा पहिल्या तीन महिन्यांत दोनदा निकामी झाला. दोन्ही वेळा कॅमेऱ्यात मूळ दोष नव्हता. दोष त्याला मिळणाऱ्या हवेत, पाण्यात आणि त्याच्यासाठी भिंतीत पाडलेल्या भोकात होता. म्हणून इथे कॅमेऱ्यापेक्षा त्याच्यामागच्या पाइपांबद्दल जास्त लिहिले आहे.

पार्श्वभूमी

रोज सुमारे ४,५०० टन क्लिंकर (दळून सिमेंट होते ते भाजलेले गोळे) देणारी ही किल्न. माल आधी तापवणारे प्रीहीटर व कॅल्सायनर आणि शेवटी क्लिंकर थंड करणारा ग्रेट कूलर अशी नेहमीची मांडणी. बर्निंग झोनमध्ये माल साधारण १,४५० अंश सेल्सिअसला पोचतो, ज्वाला त्याहून बरीच तापलेली असते. कूलरकडून परत येणारी सेकंडरी हवा हूडमध्ये, म्हणजे किल्नच्या बर्नरकडच्या तोंडावरच्या बंदिस्त कक्षात, १,००० अंशांच्या आसपास असते आणि तिच्यासोबत क्लिंकरची बारीक धूळ सतत उडत असते.

हूडमध्ये किंचित उणा दाब ठेवतात, पाण्याच्या स्तंभात उणे ३ ते ५ मिलिमीटर. त्यामुळे भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, आतला जाळ बाहेर येत नाही. हे सुरळीत दिवसाचे झाले. कोटिंगचा, म्हणजे किल्नच्या भिंतीला चिकटलेल्या मालाचा, मोठा तुकडा कूलरमध्ये कोसळला, किंवा आतले वायू ओढणाऱ्या आयडी फॅनने दगा दिला, तर काही क्षणांत हूडचा दाब उलटा होतो आणि प्रत्येक फटीतून गरम धुळीचा फुत्कार बाहेर पडतो.

कॅमेऱ्याआधी बर्नरवरचा माणूस पीप होलपाशी (आत पाहण्याच्या भोकापाशी) जाऊन निळ्या कोबाल्ट काचेतून आत पाही आणि सीसीआरला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, फोनवर सांगे. सीसीआरमधला ऑपरेटर किल्न ड्राइव्हचा करंट, इनलेटचा नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडे) आणि दर दोन तासांनी येणारा फ्री लाइमचा, म्हणजे न जुळलेल्या चुन्याचा, आकडा यांवरून आतल्या स्थितीचा अंदाज बांधी.

अडचण काय होती

मुख्य बर्नरमधून आरडीएफ, म्हणजे कचऱ्यातला वाळवून बारीक केलेला जळाऊ भाग, द्यायला सुरुवात झाल्यावर हा अंदाज चुकू लागला. कोळसा आणि पेट कोक भुकटीच्या रूपात हवेतच जळतात. आरडीएफचा प्लास्टिकचा पापुद्रा मोठा असेल किंवा ओला असेल, तर तो पेटता पेटता मालावर पडतो आणि तिथे धुमसत राहतो. त्या जागी ऑक्सिजन कमी पडतो, मालातले सल्फर पुन्हा वायुरूपात निघते, मागे जाऊन थंड भागात जमते, आणि भिंतीवर चढणारे रिंग व बिल्डअपचे थर वाढतात. क्लिंकर फोडला की आत तपकिरी गाभा दिसतो, पण तो दिसेपर्यंत तास-दोन तास उलटलेले असतात.

दुसरा त्रास स्नोमॅनचा. कूलरच्या तोंडाशी चिकट क्लिंकर थरावर थर चढून सुळका उभा राहतो. तो सुरुवातीला कळला तर बर्नरची जागा, ज्वालेची लांबी आणि तिथले एअर ब्लास्टर (चिकटलेला माल हवेच्या धक्क्याने पाडणारी उपकरणे) यांनी आवरता येतो. उशीर झाला तर किल्न थांबवून फोडावा लागतो, आणि ते काम माणसांसाठी धोक्याचे आहे. पीप होलमधून दिसणारा अरुंद कोन या दोन्ही गोष्टींना अपुरा होता. शिवाय दर अर्ध्या तासाने माणसाला तोंड भाजण्याच्या जागी पाठवणे कुणालाच पटत नव्हते.

कोणते पर्याय तपासले

सगळ्यात स्वस्त पर्याय साधा औद्योगिक कॅमेरा पीप होलच्या काचेबाहेर ठेवण्याचा होता. तो लवकरच बाजूला पडला. काच धुळीने भरते, आणि कॅमेरा भिंतीच्या बाहेर राहिल्याने नळीतून पाहिल्यासारखे गोल वर्तुळच दिसते.

दुसरा पर्याय मध्यम अवरक्त कॅमेऱ्याचा, ३.९ मायक्रॉनचा. या तरंगलांबीला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून गॅसवर चालणाऱ्या भट्टीत तो ज्वालेपलीकडचे स्पष्ट दाखवतो. विक्रेत्याने दाखवलेली चित्रे रीहीटिंग फर्नेसची होती आणि खरोखर सुरेख होती. किल्नमध्ये मात्र अडथळा वायूचा नसून धुळीचा असतो. क्लिंकरच्या धुळीचे बहुतेक कण या तरंगलांबीहून मोठे. तरंगलांबी वाढवून अशा धुळीतून आरपार पाहता येत नाही. काजळीचे कण सूक्ष्म असल्याने तिथे थोडा फायदा झाला असता, एवढेच.

तापमान मोजण्याच्या दृष्टीनेही हिशोब केला गेला. उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात उष्णतेचे किरण सोडतो ते) १० टक्क्यांनी चुकीची धरली, तर १,४५० अंशांवर ०.९ मायक्रॉनचा कॅमेरा सुमारे १९ अंशांनी चुकतो आणि ३.९ मायक्रॉनचा सुमारे ८० अंशांनी. क्लिंकरच्या पृष्ठभागाची उत्सर्जकता नेमकी कुणाला माहीत नसते, म्हणून लहान तरंगलांबी सोयीची. १,४५० अंशांना उष्णतेच्या किरणांचा कळस १.७ मायक्रॉनच्या जवळ येतो, पण साधा सिलिकॉन सेन्सर चालतो त्या १ मायक्रॉनच्या अलीकडेही प्रकाशाची ददात नसते.

म्हणून सिलिकॉन सेन्सरचा, तापमान मोजणारा, भिंतीत घुसणाऱ्या नळीचा कॅमेरा ठरला. नळीच्या टोकाला सुमारे ३ मिमीचे छिद्र, त्यामागे लेन्स, आणि त्याच छिद्रातून सतत बाहेर फुंकली जाणारी हवा. पाहण्याचा कोन ७२ अंश. पाणी किंवा हवा गेली, किंवा कॅमेऱ्याचे कवच तापले, की हवेच्या सिलिंडरने नळी आपोआप मागे ओढली जाते आणि भोकावर झापड पडते.

उरला प्रश्न थंडाव्याचा, हवेने की पाण्याने. हवेने थंड होणारी नळी सुटसुटीत असते आणि गळती होऊन भट्टीत पाणी जाण्याची भीती नसते. पण चंद्रपूरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कॉम्प्रेसरची हवा हूडपाशी पोचेपर्यंत ४८ अंशांची झालेली असते. त्याच कोरड्या दिवसांत कूलिंग टॉवरचे पाणी मात्र ३०-३२ अंशांना मिळते, कारण हवा कोरडी असली की बाष्पीभवन चांगले होते. पाण्याचा पर्याय निवडला गेला. तो योग्यच होता. पुढे जे बिघडले ते या निवडीमुळे बिघडले नाही.

बसवणी

फेब्रुवारीच्या शटडाऊनमध्ये कॅमेरा बसला. जागा नीट निवडली होती. ही किल्न बर्नरकडून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून मालाचा थर डाव्या बाजूला वर चढतो. कॅमेरा उजवीकडे, बर्नरच्या मध्यापेक्षा थोडा वर, किंचित खाली झुकलेला. अशा जागेवरून बर्नर पाइप आड न येता चढता माल, ज्वालेचे मूळ आणि कूलरच्या तोंडाची कड एकाच चौकटीत येतात. उलट्या बाजूला बसवला असता तर उडत्या क्लिंकरचा पडदाच दिसला असता.

भोक मात्र चुकले. ३०० मिमी जाडीच्या कास्टेबलमध्ये (ओतून केलेल्या उष्णतारोधक काँक्रीटमध्ये) ११० मिमी व्यासाचे सरळ भोक कोअर कटरने पाडले गेले. आतल्या बाजूला ते नरसाळ्यासारखे पसरट हवे होते. ७२ अंशांच्या कोनाला प्रत्येक १०० मिमी खोलीमागे सुमारे ७३ मिमी त्रिज्या लागते. ११० मिमीच्या सरळ भोकात नळीचे टोक आतल्या तोंडापासून ७५ मिमीपेक्षा मागे घेतले की चित्राच्या कडा भोकाच्या भिंतीने झाकल्या जातात. टोकासमोर ६०-७० मिमीचे दगडी नळकांडे राहिले, तर फुंकलेली हवा तिथे घोटाळते आणि धूळ त्यात भोवरा घेऊन बसते.

चित्र पूर्ण दिसावे म्हणून बसवणाऱ्यांनी सोपा मार्ग घेतला, नळी पुढे सरकवली. टोक भिंतीच्या पृष्ठभागापाशी किंवा १०-२० मिमी मागे हवे, ते ६० मिमी आत उघड्यावर आले. पडद्यावर पहिल्या दिवशी अप्रतिम चित्र दिसले. सगळे खूश होते, आणि म्हणूनच पाण्याच्या तापमानाकडे कुणी पाहिले नाही. मिनिटाला १८ लिटर पाणी ७ अंशांनी तापेल असे माहितीपत्रकात होते, म्हणजे साधारण ८.८ किलोवॅट उष्णता. प्रत्यक्षात ते ११ अंशांनी तापत होते, जवळजवळ १४ किलोवॅट.

जास्तीचे ५ किलोवॅट कुठून आले याचा हिशोब सरळ आहे. १,४५० अंशांच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला सुमारे ५०० किलोवॅट उष्णता किरणांच्या रूपात बाहेर पडते. ७६ मिमी व्यासाच्या नळीचा ६० मिमी लांबीचा उघडा भाग ०.०१४ चौरस मीटर भरतो. तेवढ्यावर ५ ते ७ किलोवॅट पडणारच.

पहिला बिघाड : दुधाळ चित्र

नवव्या दिवशी चित्र धूसर झाले. "दुधातून पाहिल्यासारखं दिसतंय," अशी नोंद रात्रपाळीच्या ऑपरेटरने लॉगबुकात केली आहे. अकराव्या दिवशी ज्वाला आणि माल यांतला फरकही कळेना. नळी बाहेर काढली तेव्हा पुढच्या काचेवर तपकिरी, वार्निशसारखा चकचकीत थर होता आणि त्यात राखाडी कण रुतलेले होते. द्रावणाने थर निघाला नाही. जोरात पुसल्यावर थराबरोबर काचेवरचे परावर्तनरोधक कोटिंगही गेले. लेन्स ट्यूब, म्हणजे लेन्स बसवलेली नळी, बदलावी लागली.

"धूळ बसली" असे निदान करून अहवाल बंद होत होता. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या एकाने एक साधी गोष्ट केली. हवेचा पाइप नळीपासून सोडवला आणि त्याच्या तोंडापुढे पांढरा टिपकागद दहा मिनिटे धरला. कागदावर पिवळसर तेलकट ठिपका उमटला, मध्ये गडद आणि कडेला फिकट. क्लिंकरची धूळ कोरडी असते, स्वच्छ काचेवरून हवेच्या झोताने ती उडून जाते. तेलाचा पातळ थर मात्र उष्णतेने भाजून चिकट होतो, धूळ त्याला धरते.

तेल कुठून आले? कॉम्प्रेसर तेलावर चालणारा स्क्रू प्रकारचा, आणि शेवटच्या कोअलेसिंग (तेलाचे बारीक थेंब गोळा करणाऱ्या) फिल्टरचे एलिमेंट मुदत उलटूनही बदललेले नव्हते. कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणारा आफ्टर कूलर चोंदलेला असल्याने हवा ड्रायरमध्ये गरमच शिरत होती. रेफ्रिजरेटेड ड्रायरची क्षमता ३५ ते ३८ अंशांच्या हवेसाठी सांगितलेली असते, त्याहून गरम हवेत ती बरीच घटते. तेलासोबत ओलही येत होती.

दुसरे कारण दाबाचे. कॅमेऱ्याची हवा ज्या हेडरवरून (हवेच्या मुख्य पाइपवरून) घेतली होती, त्यावरच बॅग फिल्टरचे पर्जिंग (हवेच्या झोताने सफाई) आणि प्रीहीटरचे एअर ब्लास्टर होते. ब्लास्टरच्या टाक्या पुन्हा भरताना हेडरचा दाब ६.२ बारवरून ३.८ पर्यंत काही सेकंद खाली येई. तेवढ्यात हूडचा दाब उलटा झाला की धूळ थेट छिद्रातून आत.

या टप्प्यावर पहिला निर्णय चुकला. फिल्टर बदलला, नवी ट्यूब बसवली, पण हेडर तसाच राहिला. वेगळी लाइन टाकण्याचे काम "पुढच्या शटडाऊनला" ठेवले गेले.

मधला काळ : बायपास

हवेचा दाब ४.२ बारखाली गेला की नळी मागे यावी, अशी व्यवस्था (इंटरलॉक) पीएलसीमध्ये, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या संगणकात, होती, पण तिला वेळेची सवलत नव्हती. त्यामुळे ब्लास्टरच्या प्रत्येक मोठ्या फेरीला कॅमेरा मागे जाई. एका आठवड्यात १४ वेळा असे झाले. प्रत्येक वेळी कुणीतरी प्लॅटफॉर्मवर जाऊन भोक सळईने मोकळे करून नळी पुन्हा आत घालायची. ऑपरेटरांनी हवेचा इंटरलॉक तात्पुरता बायपास, म्हणजे निष्क्रिय, करायला सांगितले, आणि तो केला गेला.

ही मागणी गैर नव्हती. किल्न चालवणाऱ्या माणसाला चित्र हवे असते आणि खोटे ट्रिप त्याचा विश्वास घालवतात. चूक अशी की बायपासला मुदत नव्हती, तो रजिस्टरमध्ये नव्हता, आणि पडद्यावर त्याची खूण दिसत नव्हती. चार दिवसांनी पाळी बदलून आलेल्या शिफ्टला तो चालू आहे हे माहीतच नव्हते.

दुसरा बिघाड : वीज गेली ती रात्र

एप्रिलच्या अखेरीस पहाटे दोनच्या सुमारास व्होल्टेज खाली आले आणि दोन्ही कॉम्प्रेसर ट्रिप झाले. आयडी फॅन थांबला. डीजी (डिझेल जनरेटर) अर्ध्या मिनिटात सुरू झाला, त्यावर बर्नरचा इमर्जन्सी फॅन आणि किल्न हळू फिरवत ठेवणारी बॅरिंग ड्राइव्ह चालू झाली. कॅमेऱ्याच्या पाण्याचा पंप मात्र डीजीवर जोडलेला नव्हता. प्रकल्पाच्या कागदांत तो "इन्स्ट्रुमेंट लोड" म्हणून गेला होता आणि इमर्जन्सी लोडच्या यादीत कुणी धरला नव्हता.

बॅग फिल्टर आणि गळत्या हेडर रिकामा करत राहिल्या. हवेचा इंटरलॉक बायपासवर, पाण्याच्या फ्लो स्विचची तार ढिली. उरला होता फक्त कॅमेऱ्याच्या कवचाचा तापमापक. सहा-सात मिनिटांनी कवच ६० अंशांवर गेले आणि मागे येण्याचा आदेश सुटला. तोवर हेडरवर १.८ बार उरले होते. सिलिंडरने नळी १२० मिमी ओढली आणि ती अडकली. उघड्या टोकाभोवती जमलेल्या धुळीचे कडक कडे भोकाच्या कडेला आपटून थांबले होते.

हाताने ओढायचे हँडल नळीवरच होते. आयडी फॅन बंद असल्याने हूड उलट्या दाबावर होते, त्या जागी जाळ येत होता. दोघे जण चेहऱ्यावर शील्ड लावून जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. हा त्या रात्रीचा सर्वांत बरोबर निर्णय होता, आणि चौकशी अहवालात तो तसाच नोंदवला गेला हे महत्त्वाचे. दुसरी ट्यूब गेली : नळीभोवतीच्या जॅकेटमधले पाणी उकळले, लेन्स जोडणारा गोंद सुटला, टोकाची ब्रेझिंग (धातूचा जोड) उघडली. पंप बंद होता म्हणून कास्टेबलवर फार पाणी सांडले नाही. पंप मध्येच सुरू झाला असता तर सांडले असते.

जॅकेट कापून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. आतल्या बाजूला पांढऱ्या क्षारांचा सुमारे अर्धा मिमी थर होता. चुनखडीच्या पट्ट्यातले बोअरचे पाणी कठीण असते आणि बंद चक्रात भरीला तेच घातले जात होते. चौरस मीटरला २०० किलोवॅट उष्णता जात असेल, तर एवढ्या थरामुळे धातूचे तापमान सुमारे १०० अंशांनी वाढू शकते. पाणी थंड दिसते आणि नळी तापलेली असते.

थांबायचे की लगेच बसवायचे

राखीव म्हणून शेवटची एक ट्यूब भांडारात होती. उत्पादन विभागाला ती त्याच आठवड्यात हवी होती, कारण आरडीएफचे प्रमाण वाढवण्याचे ठरले होते. विक्रेत्याकडे वॉरंटी मागायचाही विचार झाला. पण माहितीपत्रकात "तेलविरहित कोरडी हवा, ५ ते ७ बार" आणि "मृदू केलेले पाणी" असे स्पष्ट लिहिले होते, त्यामुळे दावा टिकणारा नव्हता. हवेने थंड होणारा दुसरा कॅमेरा मागवावा, असाही सूर निघाला. त्याला हवा याहून जास्त लागली असती आणि हवाच तर नीट नव्हती.

इन्स्ट्रुमेंट विभागाने भूमिका घेतली की हवा, पाणी आणि ओढण्याची व्यवस्था नीट होईपर्यंत ट्यूब भांडारातून काढायची नाही. यात १९ दिवस गेले. त्या काळात आरडीएफ वाढवले नाही आणि पीप होलची पाहणी पुन्हा सुरू झाली. यासाठी उत्पादन प्रमुखांची संमती लेखी घेतली होती. तोंडी घेतली असती तर चौथ्या-पाचव्या दिवशी ती विरघळली असती, असे त्या बैठकीत बसलेल्यांचेही मत आहे.

काय बदलले

हवा. हेडरवरून स्वतंत्र लाइन काढून बर्नर प्लॅटफॉर्मखाली ५०० लिटरची टाकी बसवली, तिच्या तोंडाशी एनआरव्ही (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). लेन्सची हवा मिनिटाला सुमारे ३०० लिटर. टाकी ६ वरून ४ बारवर येईपर्यंत १,००० लिटर मोकळी (साध्या वातावरणाच्या दाबाला मोजलेली) हवा देते, म्हणजे तीन मिनिटांहून थोडे जास्त. नळी मागे यायला आठ सेकंद लागतात, तेव्हा हे पुरेसे आहे.

सिलिंडरसाठी मात्र वेगळी १०० लिटरची टाकी आणि वेगळा एनआरव्ही दिला, म्हणजे लेन्सची फुंकणी ती हवा खाऊ शकत नाही. ६३ मिमी बोअर आणि ९०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरला एकदा ओढायला जेमतेम २० लिटर मोकळी हवा लागते, छोटी टाकी २०० लिटर देते. सगळ्या बदलांत हाच सर्वांत स्वस्त, आणि पहिल्या दिवसापासून हवा होता. हवा गेली म्हणून मागे यायचे आणि मागे यायला तीच हवा लागायची, ही मांडणी टिकणारी नव्हती.

टाकीनंतर ५ मायक्रॉन, १ मायक्रॉन आणि ०.०१ मायक्रॉन कोअलेसिंग असे तीन फिल्टर, प्रत्येकाला आपोआप पाणी सोडणारा ड्रेन. आफ्टर कूलर धुऊन घेतला.

पाणी. चक्रात मृदू पाणी, पंप डीजीवर, आणि वरच्या मजल्यावर २०० लिटरची टाकी. पंप बंद पडला तरी गुरुत्वाने दहा मिनिटे प्रवाह राहतो. फ्लो स्विच बदलून त्याची केबल बर्नर पाइपपासून दूर, झाकलेल्या ट्रेमधून नेली.

कवच थंड ठेवायला व्होर्टेक्स ट्यूब (दाबाच्या हवेतून गार झोत काढणारी नळी) लावावी अशी सूचना होती. ती नाकारली, कारण ती पुन्हा हवेवरच जगते. त्याऐवजी कवचाच्या मागच्या प्लेटमधून तेच पाणी फिरवले आणि हूड व कवच यांच्यामध्ये स्टेनलेस पत्र्याचा दुहेरी आडोसा उभा केला.

भोक. कास्टेबल नव्याने टाकायला किल्न थांबवावी लागणार होती. तोवर मिळालेल्या एका छोट्या स्टॉपमध्ये भोकाची आतली कड छिन्नीने शक्य तेवढी तासली आणि नळी मागे घेतली. टोक आता २५ मिमी बाहेर आहे. आदर्श नाही, पण पाण्याची वाढ ११ वरून ८ अंशांवर आली.

इंटरलॉक. हवेच्या दाबाला पाच सेकंदांची सवलत दिली. बायपास केला तर सीसीआरच्या पडद्यावर तांबडी पट्टी येते आणि आठ तासांनी तो आपोआप सुटतो. नळीच्या मागच्या टोकाला पोलादी दोर बांधून तो कप्पीवरून सहा मीटर लांब जिन्यापाशी आणला, म्हणजे हूड उलट्या दाबावर असतानाही माणसाला सुरक्षित जागेवरून नळी ओढता येते.

परिणाम

तिसरी ट्यूब पावसाळ्याआधी बसली आणि पावसाळा संपेपर्यंत न बदलता चालली. दर आठ दिवसांनी नळी मागे घेऊन काच तपासतात. कोरड्या हवेच्या फुंकरीने ती बहुतेक वेळा साफ होते.

चित्राचा खरा उपयोग सुरू व्हायला मात्र आणखी एक अडथळा होता, आणि तो कुणाच्या लवकर लक्षात आला नाही. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर स्वयंचलित होते. किल्न थंड पडू लागली तरी कॅमेरा उजेड वाढवून चित्र सारखेच तेजस्वी ठेवी. ऑपरेटर म्हणत, "नॉक्स पडतोय, पण ज्वाला तर तशीच आहे." एक्स्पोजर कायम केल्यावर तेच चित्र बोलू लागले : थंड किल्न तांबूस दिसते, माल खाली राहतो. गरम किल्नमध्ये माल उंच चढतो आणि पांढुरका दिसतो.

आता आरडीएफचे काळे ठिपके मालावर पडताना दिसतात. ते वाढले की आधी आरडीएफची ओल आणि पापुद्र्यांचा आकार तपासतात, मग बर्नरची हवा बदलतात. स्नोमॅन बंद झाला नाही. त्याची कड चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात वर येऊ लागली की ब्लास्टरचा क्रम बदलता येतो, आणि त्यासाठी आता किल्न थांबण्याची वाट पाहावी लागत नाही.

तापमानाचे आकडे ऑपरेटर निरपेक्ष मानत नाहीत. मधली धूळ दाट झाली की आकडा पडतो, माल तेवढाच गरम असतो. म्हणून नॉक्स आणि ड्राइव्हचा करंट यांच्याशी ताडून फक्त कल पाहतात, आणि हातातल्या पायरोमीटरने वेळोवेळी मेळ घालतात.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या आदेशात कॅमेरा, नळी आणि पॅनेल विक्रेत्याकडे होते. हवा आणि पाणी "ग्राहकाकडून" एवढ्या एकाच शब्दात होते. त्या शब्दाचा कारखान्यात कुणी मालक नव्हता. टाक्या, फिल्टर आणि पाइप यांचा सगळा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या दहाव्या भागाच्या आसपास गेला, तो आधीच धरता आला असता. खरेदीआधी एक आठवडा हेडरवर दाबाचा रेकॉर्डर लावला असता, तर ब्लास्टरमुळे दाबात पडणारे खड्डे कागदावर दिसले असते. टिपकागदाची चाचणी तर दहा मिनिटांची.

भोकाचे चित्र विक्रेत्याने दिले होते, नरसाळ्याच्या आकारासह. ते मेकॅनिकलकडे होते. कास्टेबलचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला फक्त व्यास सांगितला गेला. फर्मा बनवून तो बसवूनच कास्टेबल ओतायला हवे होते, मागाहून कोअर कटरने कापणे हीच मूळ चूक.

बायपासची गोष्ट सगळ्यात जास्त टोचणारी आहे. १४ वेळा ट्रिप होणे ही बिघाडाचीच सूचना होती, पहिल्या ट्यूबच्या कारणाकडे पुन्हा बोट दाखवणारी. तेव्हा बायपासऐवजी पाच सेकंदांची सवलत आणि एक एनआरव्ही दिला असता, तर दुसरी ट्यूब वाचली असती.

पुढच्या ब्रिक लायनिंगच्या शटडाऊनला भोकाभोवतीचे कास्टेबल फोडून नरसाळ्याच्या फर्म्यासह नवे ओतायचे आहे. फर्मा बनवून तयार आहे आणि त्याच्या पत्र्यावर रंगाने "कॅमेरा – आतली बाजू" असे लिहिले आहे. टिपकागद दर महिन्याला तारखेसह लॉगबुकात डकवतात. गेल्या पाच महिन्यांचे पाचही कागद पांढरे आहेत.